बिदर-कलबुर्गी सीमाभागातील जुन्या गाड्या आणि सीट बेल्ट

बिदर आणि कलबुर्गी या सीमाभागातील जिल्ह्यांत सीट बेल्ट आला तो कायद्याच्या हुकमाने, आणि तोही 1994 नंतर. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 1993 साली दुरुस्ती झाली. तिने कारखानदारांना एक वर्षाची मुदत दिली आणि त्यापुढे बनणाऱ्या प्रत्येक मोटारीत चालकासाठी व त्याच्या शेजारच्या आसनासाठी पट्टा बसवणे बंधनकारक केले. हुकूम नव्या गाड्यांपुरता होता. हुमनाबाद, भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या तालुक्यांत त्या वेळी धावणाऱ्या गाड्या मात्र आधीच रस्त्यावर आलेल्या होत्या. नियम नव्या गाडीला आणि माणसे जुन्या गाडीत, असे अंतर तेव्हा पडले, ते अजून मिटलेले नाही.

या भागात मोटार आली निजामाच्या राजवटीत. हैदराबाद संस्थानात निजाम स्टेट रेल्वेच्या मार्ग परिवहन विभागाने जून 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी सरकारी प्रवासी वाहतूक सुरू केली. खाजगी मोटार जहागीरदार, बडे वकील आणि अडत्यांपुरतीच होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली, तेव्हा जुन्या बिदर जिल्ह्याचे तीन वाटे पडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले, तर जहीराबाद आणि नारायणखेड आंध्र प्रदेशात गेले. सरकारी हद्दी बदलल्या तरी सोयरिकी, आठवडी बाजार आणि देवस्थाने होती तिथेच राहिली. त्यामुळे लग्नाला, दवाखान्याला, पौर्णिमेला गाणगापूरला, दत्तजयंतीला माणिकनगरला, नवरात्रात तुळजापूरला अशी सीमा ओलांडून होणारी ये-जा वाढतच गेली. पुणे-सोलापूरहून उमरगा, हुमनाबादमार्गे हैदराबादला जाणारा आजचा राष्ट्रीय महामार्ग 65 आणि नांदेडहून देगलूर, बिदर, हुमनाबाद, कलबुर्गी असा उतरणारा महामार्ग 50, या दोन रस्त्यांवर त्यातली बरीच ये-जा चालते.

स्वातंत्र्यानंतरची चाळीस वर्षे या रस्त्यांवर मुख्यतः तीन गाड्या दिसत. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी बाहेर पडली. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याहून अ‍ॅम्बेसेडर येई. खडीच्या, चिखलाच्या रस्त्यांसाठी महिंद्राची जीप होती. अ‍ॅम्बेसेडर आणि फियाट या दोन्हींत बरीच वर्षे गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर असे, त्यामुळे पुढचे आसन सलग बाकासारखे असे. त्यावर चालकाशेजारी दोघे, वेळ पडली तर तिघेही बसत. समोरचा डॅशबोर्ड पत्र्याचा होता. स्टिअरिंगची नळी सरळ आणि ताठ होती. समोरून धडक बसली तर ती दुमडत नसे, चालकाच्या छातीच्या दिशेने मागे रेटली जाई. दारांची कुलपेही आजच्यासारखी धक्का सोसणारी नव्हती, म्हणून गाडी उलटली की दार उघडून माणूस बाहेर फेकला जाण्याचा धोका मोठा होता. पट्ट्याची गरज सर्वांत जास्त होती ती याच गाड्यांत, आणि त्यांतच तो नव्हता.

त्या काळी वेग कमी होता, म्हणून पट्टा लागत नव्हता, असे जुने चालक सांगतात. हा समज चुकीचा आहे. ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी भिंतीला किंवा समोरच्या ट्रकला धडकून जागच्या जागी थांबली, तर आतल्या मोकळ्या माणसाला बसणारा मार सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडण्याइतका असतो. गाडी थांबते, माणूस थांबत नाही. तो त्याच वेगाने पुढे जातो आणि काच, डॅशबोर्ड किंवा पुढच्या आसनाची पाठ यांवर आदळतो. पट्टा त्याला आसनाशी धरून ठेवतो आणि धक्का छाती, खांदा व कंबरेच्या हाडांवर वाटून देतो.

कंबरेभोवती आणि खांद्यावरून जाणारा तीन टोकांचा पट्टा ही स्वीडनची देणगी. विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम केलेले नील्स बोलीन व्होल्वो कंपनीत आले आणि त्यांनी तयार केलेला पट्टा 1959 मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत बसू लागला. कंपनीने त्याचे पेटंट इतर कारखानदारांना वापरू दिले. याआधीचे पट्टे बहुधा नुसते कंबरेचे असत. नव्या पट्ट्यात कंबरपट्टा आणि खांदापट्टा एकच सलग फीत होती आणि ती एका हाताने अडकवता येई. अमेरिकेत 1968 पासून नव्या मोटारींत पट्टे सक्तीचे झाले. पट्टा नुसता बसवून न थांबता तो लावण्याची सक्ती प्रथम केली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने, 1970 मध्ये. ब्रिटनमध्ये पुढच्या आसनांसाठी ती 31 जानेवारी 1983 पासून आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारतात मारुती 800 विक्रीला आली. पट्ट्याचा भारतीय नियम त्यानंतर दहा वर्षांनी झाला.

भारतात तोवर 1939 चा मोटार वाहन कायदा होता. त्याच्या जागी आलेला 1988 चा कायदा आणि त्याखालचे केंद्रीय नियम 1 जुलै 1989 पासून लागू झाले. नियम 125 मध्ये 1993 च्या दुरुस्तीने पट्टा आला. पुढे मागच्या बाजूच्या, पण समोर तोंड असलेल्या आसनांचाही त्यात समावेश झाला. गाडी चालू असताना पट्टा लावलेला असला पाहिजे, हे नियम 138 मध्ये आले. मात्र ही सारी जबाबदारी गाडीत पट्टा ‘दिलेला असेल तर’ या अटीवर उभी होती. ज्या गाडीत पट्टा मुळातच नाही, तिच्या मालकाने तो बसवून घ्यावा असे नियमात नव्हते. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि गाडीचे पासिंग झाले की ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्यामुळे 1990 ची अ‍ॅम्बेसेडर 2010 मध्येही बिनपट्ट्याची आणि तरीही पूर्ण कायदेशीर असू शकत होती. बिदरच्या केए-38, भालकीच्या केए-39, कलबुर्गीच्या केए-32 या पाट्या लावलेल्या, तशाच पलीकडून येणाऱ्या लातूरच्या एमएच-24, सोलापूरच्या एमएच-13 आणि नांदेडच्या एमएच-26 या पाट्यांच्या अशा गाड्या शेवटच्या मालकाच्या हातून भंगारात जाईपर्यंत चालत राहिल्या.

नियमानंतर आलेल्या स्वस्त गाड्यांत पट्टा होता, पण तो बहुधा स्थिर प्रकारचा असे. या पट्ट्याला गुंडाळणारे रीळ नसते. दाराच्या खांबावर एक टोक, खाली तळपत्र्यावर दुसरे, मध्ये लांबी कमी-जास्त करण्याची पट्टी आणि दोन आसनांमध्ये बकल, एवढीच त्याची रचना. प्रत्येक माणसासाठी लांबी नव्याने बसवावी लागे. मालक सडपातळ आणि चालक धिप्पाड असेल तर दर वेळी ओढाताण होई, मग पट्टा एकदाच सैल करून ठेवला जाई. सैल पट्टा धडकेत माणसाला उशिरा पकडतो. तोवर शरीर पुढे गेलेले असते आणि पट्ट्याचा झटका बरगड्यांवर किंवा पोटावर बसतो. पट्टा लावल्यावर समोरचा कप्पा किंवा रेडिओचे बटणही हाताला येत नसे, हीसुद्धा तक्रार होती. शेवटी पट्टा खांबावरच्या खिळीला लोंबत राही, नाहीतर दारात सापडून बाहेर रस्त्यावर घासत जाई. मधल्या माणसासाठी मागच्या आसनावर नुसता कंबरपट्टा देण्याची पद्धतही पुष्कळ वर्षे टिकली. तो हाडाऐवजी पोटाच्या मऊ भागावर चढला तर आतड्यांना आणि कंबरेच्या मणक्याला इजा होते. डॉक्टरांना ही इजा फार पूर्वीपासून माहीत आहे.

रिळाचा पट्टा आला तेव्हा सोय झाली, आणि बिघडण्याच्या जागाही वाढल्या. या रिळात दोन राखणदार असतात. एक गाडीचा वेग एकदम कमी झाला की लोलक किंवा गोळी सरकवून दात अडकवतो. दुसरा पट्टा स्वतःच झटक्याने ओढला गेला की कुलूप लावतो. एरवी पट्टा हळूहळू हवा तेवढा सुटतो आणि स्प्रिंगने परत गुंडाळला जातो. भारतीय मानक आणि युरोपीय नियम यांत या यंत्रणेची परीक्षा कडक आहे. युरोपीय नियमाप्रमाणे रीळ 12 अंशांपर्यंत कलले तरी अडकता कामा नये आणि 27 अंशांपुढे कलल्यावर अडकलेच पाहिजे. पट्टा 40,000 वेळा ओढून सोडायचा, मग रिळाला गंजाच्या आणि धुळीच्या चाचणीतून न्यायचे, आणि त्यानंतर आणखी 5,000 वेळा ओढून पाहायचे. फितीने 14,700 न्यूटन, म्हणजे साधारण दीड टन वजनाचा ताण तुटल्याशिवाय सोसला पाहिजे, आणि हा ताण ऊन, थंडी, उष्णता, पाणी व घासणे यांतून नेलेल्या फितीलाही लागू आहे. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही 1966 पासूनची संस्था भारतात अशा वाहनचाचण्यांचे प्रमुख केंद्र आहे.

चाचणी होते ती नव्या पट्ट्याची. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या पट्ट्याची अशी परीक्षा कोणी घेत नाही, आणि सीमाभागात पट्टा म्हातारा होतो तोही लवकर. कलबुर्गीत उन्हाळ्यात पारा 42-43 अंशांच्या पुढे जातो. काचा बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो कितीतरी वर चढतो. खांबाजवळचा, काचेतून थेट ऊन लागणारा फितीचा वरचा भाग आधी फिका पडतो, मग कडक होतो आणि शेवटी त्याच्या कडांचे तंतू सुटू लागतात. त्यात धूळ भर घालते. वाडी, शहाबाद, सेडम हा चुनखडी, फरशी आणि सिमेंटचा पट्टा आहे. खाणी, फरशी कापण्याचे कारखाने आणि ट्रकांची रांग यांतून उडणारी पांढरी भुकटी काचा उघड्या ठेवून जाणाऱ्या गाडीच्या प्रत्येक फटीत शिरते. बिदरच्या बाजूला हीच धूळ लाल जांभ्याची असते. घाम, तेल आणि धूळ यांचा थर फितीवर बसतो, ती जड होते आणि खांद्यावरच्या कड्यातून सरकेनाशी होते. मग रिळाची स्प्रिंग ती पूर्ण गुंडाळत नाही आणि पट्टा अंगावर सैल राहतो.

बिदरजवळच्या कोळार औद्योगिक वसाहतीत किंवा हुमनाबादच्या वसाहतीत कामगार आणि माल घेऊन रोज फिरणाऱ्या गाड्यांचे आयुष्य असेच जाते. मिस्त्री लोकांच्या बोलीत अशा पट्ट्याची तीन दुखणी आहेत. ‘बेल्ट जाम’ म्हणजे रीळ सुटतही नाही आणि गुंडाळतही नाही. ‘लॉक पकडत नाही’ म्हणजे झटका दिला तरी रीळ अडकत नाही. ‘बकल पकडत नाही’ म्हणजे जीभ आत जाते, टक्‌ असा आवाजही येतो, पण ओढली की सुटते. पहिले दुखणे दिसते आणि त्रास देते, म्हणून ते दुरुस्त होते. दुसरे एरवी कधीच जाणवत नाही, कारण रोजच्या वापरात रीळ अडकण्याची वेळ येतच नाही. खरा जीवघेणा दोष तोच आहे. बकलच्या आत स्प्रिंग, खिटी आणि बटण असे लहानसे यंत्र असते. चॉकलेटचे कागद, शेंगांची टरफले, नाणी आणि सांडलेल्या चहाची साखर यांनी ते चिकटते. तेल मारले तर थोडे दिवस चालते, पण त्याच तेलावर नवी धूळ बसते.

बकलमधला दोष किती दूर जाऊ शकतो हे जगाने 1995 मध्ये पाहिले. जपानच्या ताकाता कंपनीने बनवलेली बकले अमेरिकेतील 80 लाखांहून अधिक मोटारींत होती, आणि त्या 1986 ते 1991 या काळातल्या होत्या. बटणाचे प्लास्टिक उन्हाने ठिसूळ होऊन त्याचे तुकडे बकलात पडत. कधी बकल बसत नसे, कधी बसल्यासारखे वाटून सुटे, कधी उघडेना. अमेरिकी सरकारच्या चौकशीनंतर एवढ्या गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. दोष आढळला तेव्हा त्यातल्या कित्येक गाड्या नऊ वर्षांपर्यंत जुन्या होत्या. कारखान्यातून निघताना धड असलेला पट्टा उन्हाने आणि वर्षांनी निकामी होतो, याचा हा मोठा पुरावा आहे.

भारतात कारखानदारांच्या संघटनेने गाड्या परत बोलावण्याची ऐच्छिक पद्धत 2012 मध्ये सुरू केली. 2019 च्या दुरुस्त कायद्याने कलम 110अ घालून सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. त्यानंतर पट्ट्यामुळे गाड्या परत बोलावल्याची उदाहरणे दिसू लागली. मारुती सुझुकीने डिसेंबर 2022 मध्ये पुढच्या पट्ट्याची खांद्यावरची उंची बदलणाऱ्या भागातल्या संशयित दोषासाठी 9,125 गाड्या परत बोलावल्या. जानेवारी 2023 मध्ये मागच्या पट्ट्याच्या कंसातील संशयित दोषासाठी 11,177 ग्रँड व्हिटारा बोलावल्या. या सगळ्या गाड्या काही आठवडे किंवा महिन्यांपूर्वी बनलेल्या होत्या. मालकाचा पत्ता आणि फोन कंपनीकडे ताजा होता. तिसऱ्या-चौथ्या हातात गेलेल्या, राज्य बदललेल्या, कंपनीच्या दुकानात कधीच न जाणाऱ्या गाडीपर्यंत असे पत्र पोचणे अवघड असते. पुण्या-मुंबईत नकोशी झालेली गाडी जिल्ह्याच्या गावी येते आणि तिथून तालुक्याला जाते. दर टप्प्यावर तिचे कागद आणि टायर पाहिले जातात, इंजिनचा आवाज ऐकला जातो. पट्टा ओढून पाहणारा गिऱ्हाईक विरळा.

बिनपट्ट्याच्या जुन्या गाडीत पट्टा नंतर बसवून घेण्याचा प्रघातही पडला. दंडाची भीती वाढली तसा तो फोफावला. यात धोका पट्ट्यापेक्षा तो जिथे आवळला जातो त्या जागेत असतो. नियमाप्रमाणे तीन टोकांच्या पट्ट्याच्या पकडीच्या जागांनी धडकेत 13,500 न्यूटनचा ओढा सोसला पाहिजे. त्यासाठी कारखान्यात खांबाच्या आणि तळाच्या पत्र्यामागे जाड लोखंडी पट्टी वितळजोडाने बसवतात आणि तिच्यातच आटे पाडतात. जुन्या पद्मिनीत किंवा जीपमध्ये भोक पाडून, मागे साधी चकती लावून, नट आवळून बसवलेला पट्टा दिसायला तसाच दिसतो. धडकेत मात्र पत्रा फाटतो आणि नट भोकातून निघून येतो. तळाचा पत्रा गंजलेला असेल तर त्याहून कमी ताणात निघतो. अपघातग्रस्त गाडीतून काढलेला पट्टा दुसऱ्या गाडीत बसवणे तर त्याहून वाईट. एकदा माणसाचा भार घेतलेली फीत ताणलेली असते. तिच्या विणीचे बळ गेलेले असते आणि खांद्याच्या कड्याजवळ घासून ती चकाकलेली दिसते. नव्या गाड्यांतला, धडकेच्या क्षणी पट्टा मागे खेचणारा ताणक एकदाच उडतो, त्यानंतर त्याचा उपयोग संपतो.

मोटारींच्या जोडीला या भागात प्रवास होतो तो जीप, ट्रॅक्स, क्रूझर आणि सुमोमधून. पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि 1994 मध्ये आलेली टाटा सुमो या गाड्या इथल्या खेड्यांसाठी जणू दुसरी बस ठरल्या. बस न जाणाऱ्या वाडीवस्तीला त्यांनी दवाखाना, कॉलेज आणि बाजार जवळ आणला, हे त्यांचे मोठे काम आहे. पण यांच्या मागच्या भागात लांबीच्या दिशेने दोन बाक एकमेकांसमोर असत. पट्ट्याचा नियम समोर तोंड असलेल्या आसनांना लागू होता, आडव्या तोंडाने बसणाऱ्याला नव्हता. आणि फेरी भरल्याशिवाय गाडी सुटत नाही. नऊ जणांच्या गाडीत पंधरा बसले, दोघे मागच्या पायरीवर लटकले, सामान आणि एखादा पोरगा टपावर गेला, की पट्टा असून नसून सारखाच. ऊसतोडीला, विटभट्टीला किंवा मोठ्या शहरातल्या बांधकामावर जाणारी कुटुंबे या गाड्यांतून रात्रीचा प्रवास करतात. त्यांच्या सुरक्षेचा प्रश्न पट्ट्यापाशी सुरू होत नाही. तो गाडीत किती माणसे कोंबली यापाशी सुरू होतो, आणि बसच्या पुरेशा फेऱ्या नसण्यापाशी.

मागच्या आसनावर पट्टा लागत नाही, ही सवय या गाड्यांत मुरली आणि नव्या गाड्यांतही आली. तिची किंमत मराठवाड्याने जवळून पाहिली आहे. बीडचे खासदार आणि केंद्रीय ग्रामविकास मंत्री गोपीनाथ मुंडे 3 जून 2014 रोजी सकाळी दिल्लीत विमानतळाकडे जात होते. ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. दुसऱ्या मोटारीने त्यांच्या गाडीला बाजूने धडक दिली. बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती, पण आतली इजा जीवघेणी ठरली. तेव्हाचे आरोग्यमंत्री हर्षवर्धन यांनी मागचा पट्टा शोभेचा नाही, हे जाहीरपणे बोलून दाखवले. त्यानंतर आठ वर्षांनी, 4 सप्टेंबर 2022 रोजी, पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारी मागे बसलेले जहांगीर पंडोल यांचा मृत्यू झाला. दोघांनीही पट्टा लावला नव्हता. पुढे बसलेले दोघे गंभीर जखमी झाले, पण वाचले. दोन्ही गाड्यांत मागे धड पट्टे होते. सुरक्षित गाडीत बसणाऱ्यांच्या अंगीही जुनीच सवय होती. मागचा मोकळा माणूस स्वतःबरोबर पुढच्यालाही धोका असतो, कारण धडकेत तो पुढच्या आसनाच्या पाठीवर जाऊन आदळतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी 16,715 जणांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यांत 8,384 चालक आणि 8,331 प्रवासी होते. चालक आणि प्रवासी यांचे आकडे जवळजवळ सारखे आहेत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पट्टा चालकाचा, बाकीचे पाहुणे, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नाही.

दंडाची गोष्ट थोडक्यात अशी. पट्टा न लावल्याबद्दल पूर्वी 100 रुपयांची पावती फाटे. 1 सप्टेंबर 2019 पासून कलम 194ब खाली ती 1,000 रुपयांची झाली, आणि चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने किंवा बाल-आसनात न बांधल्यासही तेवढाच दंड आला. त्याच महिन्यात कर्नाटक सरकारने पट्ट्याचा दंड 500 रुपयांवर आणला. मिस्त्री यांच्या अपघातानंतर ऑक्टोबर 2022 मध्ये कर्नाटक पोलिसांनी मागच्या प्रवाशांसह सर्वांना 1,000 रुपये दंडाची तंबी दिली. मुंबईत 1 नोव्हेंबर 2022 पासून सर्व प्रवाशांना पट्टा सक्तीचा असल्याचे वाहतूक पोलिसांनी जाहीर केले. नाक्यावर पोलीस दिसला की पट्टा खांद्यावर ओढून हाताने धरायचा आणि नाका गेला की सोडायचा, ही युक्ती देगलूर रस्त्यावर जशी चालते तशीच उमरग्याकडेही चालते. दंड वाचतो, एवढेच.

यंत्राने आठवण करून द्यावी म्हणून 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत पुढच्या आसनांसाठी पट्ट्याची सूचना देणारा आवाज आणि चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. हा आवाज बंद करण्यासाठी बकलमध्ये खोचायच्या रिकाम्या पट्ट्या बाजारात आल्या. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे 2023 मध्ये पाच ऑनलाइन बाजारांविरुद्ध आदेश काढले, आणि त्यानंतर अशा 13,118 जाहिराती काढल्या गेल्या. आसनांवर नवे कुशन आणि कव्हर घालताना मागची बकले गादीखाली दाबून टाकण्याची रीत मात्र अजून चालू आहे. तीन-चार वर्षांनी कोणाला मागचा पट्टा लावावासा वाटला, तर बकल सापडत नाही. एअरबॅगच्या गाडीत पट्टा न लावणे अधिक घातक आहे, हेही इथे सांगितले पाहिजे. पिशवी क्षणार्धात फुगते आणि तिचा हिशेब पट्ट्याने धरून ठेवलेल्या माणसाचा असतो. मोकळा माणूस पुढे झेपावलेला असेल तर तिचाच मार त्याला बसतो.

जुन्या गाड्यांचे उत्पादन एकेक करून थांबले. मारुती 800 जानेवारी 2014 मध्ये, अ‍ॅम्बेसेडर त्याच वर्षी मे महिन्यात, आणि नवे सुरक्षा नियम पेलता न आल्याने मारुती ओम्नी 2019 मध्ये. मुंबईतील पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. धडक-चाचणी घेऊन गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने जानेवारी 2014 मध्ये भारतीय बाजारातील पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे निकाल जाहीर केले. एअरबॅग नसलेल्या त्या पाचही गाड्यांना प्रौढांच्या संरक्षणासाठी शून्य तारे मिळाले. भारताची स्वतःची भारत एनकॅप पद्धत 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली. तिचे तारे नव्या गाडीच्या गिऱ्हाईकाला उपयोगी पडतात. 2014 च्या शून्य ताऱ्यांच्या गाड्या मात्र आज सेकंडहँड बाजारात आहेत, आणि पहिली गाडी घेणाऱ्या शेतकऱ्याच्या, शिक्षकाच्या आणि छोट्या दुकानदाराच्या आवाक्यात त्याच येतात. त्यांच्यासाठी शासनाने एक गोष्ट सहज करण्यासारखी आहे. पंधरा वर्षांनंतरच्या पासिंगला दिवे आणि ब्रेक पाहावेत तितक्याच कसोशीने प्रत्येक पट्टा ओढून, झटका देऊन, बकल लावून पाहावा आणि निकामी पट्ट्याच्या गाडीला शिक्का देऊ नये.

तोवर ही तपासणी मालकानेच करावी. तिला हत्यार लागत नाही. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा आणि दोन्ही बाजूंनी उजेडात पाहावा. कडा उसवलेल्या, चिरलेल्या, एका जागी फिक्या आणि कडक झालेल्या दिसल्या तर तो बदलावा. त्याला शिवण घालू नये. सोडल्यावर तो स्वतःहून पूर्ण गुंडाळला गेला पाहिजे. मळ साध्या साबणाच्या कोमट पाण्याने काढावा, ब्लीच किंवा रंग लावू नये. जोरात झटका दिला की रीळ अडकले पाहिजे. बकल लावून जीभ ताकदीने ओढावी, ती सुटता कामा नये, आणि बटण दाबताच बाहेर आली पाहिजे. गाडीखाली वाकून पकडीच्या बोल्टाभोवतीचा पत्रा गंजला आहे का ते बघावे. मोठ्या धडकेनंतर पट्टे नवे घ्यावेत, आणि ते त्या गाडीसाठी बनलेले, मानकाची खूण असलेलेच घ्यावेत. मागच्या आसनाच्या कव्हराखाली दबलेली बकले वर काढावीत, आणि देवदर्शनाला निघण्याआधी मागे बसलेल्या आईवडिलांना व मुलांना पट्टा लावूनच गाडी सुरू करावी.